टॅक्सच्या कायद्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न (आणि माझी जरा लांबलेली उत्तरं)

लॉ कॉलेजात टॅक्सेशन शिकवतो म्हटल्यावर वर्गात, लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळीकडे तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. कलमांचे नंबर 1961 च्या कायद्यातले आहेत कारण सगळ्यांच्या तोंडात अजून तेच बसलेत. हा सल्ला नाही, कायदा कसा विचार करतो ते सांगणं आहे. रिटर्न भरायला तुमचा सीए आहेच.

टॅक्स वाचवणं आणि टॅक्स चुकवणं यात नक्की फरक काय? आम्हाला तर एकच वाटतं.

वाटतं खरं, पण नाहीये. मुळात राज्यघटनेच्या अनुच्छेद 265 पासून सुरुवात करा, कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर लावता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. म्हणजे सरकारला पैसे हवेत एवढं पुरत नाही, कायद्यात तसं लिहिलेलं लागतं. आता कायद्यानेच सांगितलं की पीपीएफमध्ये पैसे टाका आणि जुन्या रेजीममध्ये, म्हणजे वजावटीवाल्या जुन्या करपद्धतीत, वजावट घ्या, तर ती घेणं म्हणजे वाचवणं. उत्पन्न झालंच पण दाखवलं नाही, किंवा न केलेला खर्च दाखवला, तर ते चुकवणं, तो गुन्हा आहे आणि तिथे चर्चाच संपली.

खरी गंमत या दोघांच्या मधल्या पट्ट्यात आहे. तिथे सगळे कागद खरे असतात, काहीच लपवलेलं नसतं, पण सगळी रचना केलेली असते ती फक्त टॅक्स लागू नये म्हणून. याला टाळणं म्हणतात आणि जगभरच्या कोर्टांची गेली नव्वद वर्षं यातच गेलीत.

म्हणजे कोर्ट कागद बघतं की खरं काय घडलं ते बघतं?

माझ्या मते टॅक्सच्या कायद्यातला हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, बाकी सगळे त्याचीच पिल्लं. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकची केस बघा, इंग्लंड, 1935. ड्यूकसाहेब माळ्याला आणि इतर नोकरांना पगार द्यायचे, पण पगाराची वजावट मिळत नव्हती. मग त्यांनी करारपत्र केलं की तुम्हाला दर आठवड्याला अमुक इतके पैसे वार्षिकीसारखे देईन, काम करा न करा. अशा रकमेची वजावट मिळत होती. माळी काम करतच राहिला आणि हातात पैसे साधारण तेवढेच पडत राहिले. हाऊस ऑफ लॉर्ड्सने ड्यूकच्या बाजूने निकाल दिला की कायद्यात बसवून आपला कर कमी करायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि करारपत्र खरं असेल तर त्याच्या पलीकडे जाऊन आम्ही बघणार नाही.

आपल्याकडे हे बरीच वर्षं चाललं. मग 1985 ला मॅकडॉवेलची केस आली. दारूच्या कंपनीने अशी व्यवस्था केली की उत्पादन शुल्क गिऱ्हाइकाने परस्पर सरकारी तिजोरीत भरायचं, म्हणजे ते बिलात येणारच नाही आणि त्यावर विक्रीकर लागणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी हे चालू दिलं नाही. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तर वेगळं मत लिहून वेस्टमिन्स्टरचं तत्त्वच मोडीत काढलं आणि टॅक्स टाळण्याला कोर्टाने आशीर्वाद देऊ नये असं ठणकावून सांगितलं. त्या काळाचा संदर्भपण धरायला हवा, 1973-74 मध्ये आपल्याकडे आयकराचा सगळ्यात वरचा दर सरचार्ज धरून 97.75 टक्के होता! शंभर रुपयातले सव्वादोन हातात, मग लोक वाटा शोधणारच ना, आणि कोर्टाला त्या वाटांचा कंटाळा येणारच.

पुढे 2003 मध्ये आझादी बचाओ आंदोलनच्या केसमध्ये, म्हणजे ती मॉरिशस मार्गाची (मॉरिशसमधल्या कंपनीमार्फत इथे गुंतवणूक करून इथला टॅक्स टाळायचा), कोर्टाने गाडी परत फिरवली. रेड्डींचं ते मत एकट्या न्यायमूर्तीचं आहे, वेस्टमिन्स्टर अजून जिवंत आहे, म्हणाले. वर्गात इथे पोरं वैतागतात, म्हणतात सर मग परीक्षेत काय लिहायचं. दोन्ही लिहा म्हणतो.

व्होडाफोनचं प्रकरण सोप्या भाषेत सांगा ना.

सोप्या भाषेत सांगतो पण थोडक्यात जमणार नाही.

2007 मध्ये व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने हाँगकाँगच्या हचिसन कंपनीकडून केमन आयलंडमधल्या एका कंपनीचा शेअर विकत घेतला. एक शेअर. त्या कंपनीचं नाव सीजीपी. तिच्या खाली कंपन्यांची उतरंड, मॉरिशस वगैरे करत करत खाली भारतातल्या हचिसन एस्सारमधला साधारण 67 टक्के हिस्सा. म्हणजे मुंबईतून चालणारा मोबाईलचा धंदा, लाखो गिऱ्हाइकं, टॉवर, लायसन्स हे सगळं हातात आलं आणि भारतात एका कागदावरपण सही झाली नाही. व्यवहार 11 अब्ज डॉलरच्या वर.

डिपार्टमेंट म्हणालं की मालमत्ता इथली, नफा इथला, तर भांडवली नफ्यावर टॅक्स इथे. आणि नफा झाला हचिसनला पण नोटीस गेली व्होडाफोनला, का, तर पैसे देताना तुम्ही टीडीएस कापायला हवा होता, कलम 195. हे लोकांच्या लक्षात येत नाही, टॅक्स विकणाऱ्याचा आणि मागणी घेणाऱ्याकडे. रक्कम साधारण 11 हजार कोटी.

सप्टेंबर 2010 मध्ये मुंबई हायकोर्टाने डिपार्टमेंटची बाजू उचलून धरली. मग 20 जानेवारी 2012 ला सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला, सरन्यायाधीश कपाडियांचं खंडपीठ होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, व्यवहाराकडे पूर्णपणे बघा, तुकडे तुकडे करून बघू नका. ही रचना एका रात्रीत टॅक्स बुडवायला उभी केलेली नाही, हचिसन वर्षानुवर्षं इथे धंदा करत होती, टॅक्स भरत होती. आणि परदेशातल्या कंपनीचा शेअर परदेशात विकला तर त्यावर इथे कर लावायला कायद्यात शब्दच नाहीत, ते शब्द घालायचं काम संसदेचं. व्होडाफोनने भरलेले 2,500 कोटी 4 टक्के व्याजाने परत करा असा आदेश झाला.

आणि संसदेने शब्द घातले की! चारेक महिन्यांत, 2012 च्या फायनान्स अ‍ॅक्टमध्ये. पण ते घातले 1 एप्रिल 1962 पासून लागू असल्यासारखे. म्हणजे पन्नास वर्षं मागे जाऊन सांगितलं की कायद्याचा अर्थ पहिल्यापासून हाच होता.

माझं मत विचाराल तर तसा कर लावण्यात काही गैर नव्हतं, जिथे मालमत्तेची खरी किंमत आहे तिथे कर लागावा हे म्हणणं रास्तच आहे. मागच्या तारखेने लावणं मात्र चूक होतं. केस हरल्यावर नियम बदलून तीच केस परत जिंकायची असेल तर माणसाने कोर्टात जायचं कशाला? पुढे व्हायचं तेच झालं, व्होडाफोन गुंतवणूक कराराखाली हेगच्या लवादाकडे गेली, सप्टेंबर 2020 मध्ये भारत हरला, डिसेंबरमध्ये केर्न या तेल कंपनीच्या अशाच प्रकरणातही हरला, आणि ऑगस्ट 2021 मध्ये संसदेने कायदा करून 28 मे 2012 च्या आधीच्या व्यवहारांवरच्या त्या मागण्या सोडून दिल्या. भरलेले पैसे परत, व्याज नाही. 2012 नंतरच्या व्यवहारांना मात्र तो नियम लागू आहे बरं का, तो गेला नाही.

गार म्हणजे काय? मला लागेल का?

अगदी सुरुवातीला जो मधला पट्टा म्हटला ना, त्याला सरकारने शोधलेला उपाय म्हणजे गार, जनरल अँटी-अव्हॉयडन्स रूल्स, टॅक्स टाळण्याविरुद्धचे सर्वसाधारण नियम. कलम 95 ते 102. एखाद्या व्यवहाराचा मुख्य हेतूच टॅक्सचा फायदा असेल आणि त्यात व्यापारी अर्थ काही नसेल, तर डिपार्टमेंट तो व्यवहार झालाच नाही असं धरू शकतं. 2012 मध्ये आणला, लगेच बोंबाबोंब झाली, मग पार्थसारथी शोम समिती, मग पुढे ढकला ढकला करत 1 एप्रिल 2017 पासून लागू.

तुम्हाला? त्या व्यवहारातून टॅक्सचा फायदा वर्षाला 3 कोटींच्या वर असेल तरच लागतो. असेल तर तुम्ही हे इथे वाचत बसला नसता.

बायकोच्या नावाने एफडी केली तर व्याज तिचं ना?

नाही. तुमचंच. कलम 64, क्लबिंग. पैसे तुम्ही मोबदला न घेता दिले, तर त्यावरचं उत्पन्न तुमच्या उत्पन्नात मिळवलं जातं, एफडीवर नाव कुणाचंही असो. नवऱ्याला बायकोने दिले तरी तसंच. अल्पवयीन मुलाच्या नावाने केली तरी आई किंवा वडील ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात जातं, जुन्या रेजीममध्ये मुलामागे 1,500 रुपयांची सूट, ती रक्कम इतकी जुनी आहे की तिच्यावर बोलवतपण नाही.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी सीए लोकपण पटकन सांगत नाहीत. समजा तुम्ही बायकोला 10 लाख दिले, तिने एफडी केली आणि 70 हजार व्याज आलं. ते 70 हजार तुमच्यात मिळवा. आता त्या 70 हजारांची तिने परत वेगळी एफडी केली तर त्याच्यावरचं व्याज तिचं स्वतःचं, क्लबिंग तिथे थांबतं. मूळ रकमेवरचं मात्र दरवर्षी तुमच्याकडेच. म्हणून खातं वेगळं ठेवा, एकात एक मिसळलं की दहा वर्षांनी सिद्ध करणं मुश्किल.

सज्ञान मुलगा-मुलगी किंवा आईवडील यांना दिले तर क्लबिंग नाही. वडील सत्तरीचे आहेत, उत्पन्न काही नाही, तर त्यांना पैसे भेट देऊन त्यांच्या नावाने ठेवणं पूर्ण कायदेशीर आहे. फक्त ते पैसे मग खरंच वडिलांचे होतात, वारसाहक्काने बहिणीलापण त्यात वाटा आहे, हे विसरू नका, यावरून झालेली भांडणं मी बघितलीत.

गोव्यात म्हणे नवराबायकोचं उत्पन्न अर्धं-अर्धं होतं? खरं आहे?

खरं आहे, आणि माझं हे सगळ्यात आवडतं कलम, 5ए. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड चालतो, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की दोघांची मालमत्ता सामाईक. मग उत्पन्न कुणाचं? यावर वर्षानुवर्षं वाद चालले, शेवटी 1994 मध्ये कलम घातलं आणि तेसुद्धा 1 एप्रिल 1963 पासून लागू केलं (मागच्या तारखेचा कायदा म्हणून याच्यावर कुणी ओरडलं नाही, कारण यात लोकांचा फायदा होता).

त्यानुसार घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज हे सगळं नवराबायकोत निम्मं निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये. पगार मात्र ज्याचा त्याचा. म्हणजे म्हापशात एखाद्याचं दुकान आहे, 16 लाख नफा, बायको घरी, तर 8 आणि 8. नव्या रेजीमच्या रिबेटमध्ये (12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा टॅक्स माफ करणारी सूट) दोघांचा टॅक्स शून्य. तोच धंदा सावंतवाडीत असता तर पूर्ण 16 लाख एकाच्या डोक्यावर. बॉर्डरच्या अलीकडे पलीकडे! आयटीआरमध्ये यासाठी शेड्यूल 5ए आहे, गोव्याबाहेरचे सीए ते कधीकधी भरतच नाहीत.

सावंतवाडीतले लोक विचारतात आम्ही गोव्यात भाड्याने राहिलो तर? नाही हो. राहता कुठे हा मुद्दाच नाही, तुमच्या लग्नाच्या मालमत्तेला तो कोड लागू आहे का हा मुद्दा आहे.

आईवडिलांच्या घरात राहतो, त्यांना भाडं देऊन एचआरए घेऊ का?

घ्या (एचआरए म्हणजे घरभाडे भत्त्यावरची सूट), पण भाडं खरंच द्या. जुन्या रेजीममध्येच मिळतो हे आधी बघा. घर आईच्या किंवा वडिलांच्या नावावर हवं, तुमचा त्यात हिस्सा नको, भाडं बँकेतून जावं, आणि त्यांनी ते त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवावं. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो, तिथेच निम्मे लोक सापडतात कारण पॅनवरून समोरच्याचं रिटर्न दिसतंच.

मुंबईच्या आयकर ट्रिब्युनलपुढे, म्हणजे टॅक्सची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, 2017 मध्ये अशी एक केस आली होती, मुलीने आईला भाडं दिलं असं म्हणणं. रोख दिलं म्हणे. त्या घरात ती खरंच राहते असा धड पुरावा नाही, सोसायटीला कळवलेलं नाही. ट्रिब्युनलने दावा फेटाळला. नातं आड आलं नाही, आड आलं ते हे की भाडेकरू म्हणून राहिल्याची एकही खूण नव्हती. परत तोच प्रश्न, कागद की खरं. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत कोर्ट कागदाला मान देतं आणि आपल्या बाबतीत लाईटबिल मागतं अशी तक्रार वर्गात एका मुलीने केली होती, आणि मला ती अगदीच चुकीची वाटत नाही.

मामाने भाच्याला पैसे दिले तर टॅक्स लागतो का?

मामाने भाच्याला दिले तर नाही. भाच्याने मामाला दिले तर लागतो! थट्टा नाही, खरंच. कलम 56(2)(x) मध्ये नातेवाइकाकडून आलेली भेट करमुक्त आहे पण नातेवाईक कोण ते घेणाऱ्याच्या बाजूने मोजतात. भाचा घेतोय तर मामा हा त्याच्या आईचा भाऊ, तो यादीत आहे. मामा घेतोय तर बहिणीचा मुलगा, तो यादीत नाही. यादीत नवरा-बायको, भाऊ-बहिणी, जोडीदाराचे भाऊ-बहिणी, आईवडिलांचे भाऊ-बहिणी म्हणजे काका आत्या मामा मावशी, वर आजी-आजोबा, खाली मुलं-नातवंडं, आणि या सगळ्यांचे जोडीदार. पुतण्या, भाचा हे खालून वर देणारे आणि चुलतभाऊ, मावसबहीण हे बाहेर. काकांच्या ऑपरेशनला पुतण्याने 3 लाख दिले तर ते काकांचं करपात्र उत्पन्न. यादी करणाऱ्याने एकत्र कुटुंब बघितलं नव्हतं की काय कोण जाणे. कर्ज म्हणून दिले तर भेटीचा प्रश्न येत नाही, फक्त चेक किंवा ऑनलाइन द्या, 20 हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेतलं तर तेवढाच दंड बसू शकतो.

यादीबाहेरच्यांकडून वर्षात एकूण 50 हजारांपर्यंत चालतं, पण एक रुपया वर गेला की पूर्ण रक्कम करपात्र, फक्त वरची नाही. लग्नात वधू-वराला मिळालेला आहेर कितीही असला तरी मोकळा. मुंज, बारसं, साखरपुडा, वास्तुशांत यांना ती सवलत नाही.

एचयूएफ काढू का? सगळे काढतात.

सगळे काढतात आणि मग काय करायचं ते विचारतात. एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, ही कागदावर काढायची चीज नाही, हिंदू कायद्याने कुटुंब असतंच, प्रश्न त्यात मालमत्ता कुठून येणार हा आहे. वडिलोपार्जित काही असेल, आजोबांनी मृत्युपत्रात कुटुंबाला दिलं असेल, तर ठीक. स्वतःच्या कमाईचे पैसे टाकले तर कलम 64(2), परत क्लबिंग, उत्पन्न तुमचंच.

शिवाय 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही ही जी सगळ्यांना पाठ झालेली गोष्ट आहे ती 87ए ची रिबेट, आणि ती फक्त व्यक्तीला, एचयूएफला नाही. एचयूएफला नव्या रेजीममध्ये 4 लाखांच्या वर लगेच टॅक्स सुरू. आणि मोडायची म्हणाल तर अर्धवट वाटणी 1978 नंतर टॅक्सचा कायदा मानतच नाही, पूर्ण वाटणी करून ऑर्डर घ्यावी लागते. मुलीपण सहदायाद, म्हणजे जन्माने वाटेकरी, असतात, देशात 2005 पासून, महाराष्ट्रात त्याच्याही आधी 1994 च्या दुरुस्तीने. भावाला विचारून वाटणी केली म्हणून चालणार नाही.

शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, मग रिटर्नमध्ये दाखवायचं कशाला?

कारण त्याच्यावर टॅक्स नसला तरी त्याच्यामुळे तुमचा टॅक्स वाढतो. घटनेनेच शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांना दिलाय, केंद्राला नाही, म्हणून कलम 10(1) मध्ये ते मोकळं. पण केंद्राने वाट काढली. तुमचं बाकीचं उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर आणि शेतीचं 5 हजारांच्या वर असेल तर दर ठरवताना शेती धरतात.

हिशोबच करून दाखवतो, नव्या रेजीमचा. नोकरीचं करपात्र 14 लाख, टॅक्स 90 हजार. आता गावाकडे ऊस आहे आणि त्याचे 6 लाख. मग 20 लाखांवरचा टॅक्स काढा, 2 लाख. त्यातून शेतीचे 6 आणि मूळ मर्यादा 4 अशा 10 लाखांवरचा टॅक्स वजा करा, 40 हजार. उरले 1 लाख 60 हजार. म्हणजे 70 हजार जास्त, वर सेस. ऊस करमुक्तच, फक्त उसाने तुमच्या पगाराला वरच्या पायरीवर ढकललं.

शेती म्हणजे काय हेही बघा. 1957 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं, नांगरणी, पेरणी, लागवड अशी जमिनीवरची मूळ कामं हवीत, आपोआप उगवलेलं नुसतं कापून विकलं तर शेती नाही. दूध, कोंबड्या, मधमाश्या शेती नाही. रोपवाटिकेला मात्र कायद्याने शेती मानलंय. आणि जमीन विकली तर? खेड्यातली शेतजमीन भांडवली मालमत्ता नाही, नफ्यावर टॅक्स नाही. पण 10 लाखांवर वस्तीच्या महापालिकेच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत असेल तर ती खेड्यातली नाही, आणि हे अंतर रस्त्याने नाही, हवाई. पुण्याच्या आजूबाजूला या 8 किलोमीटरवरून किती फायली चालल्यात ते विचारू नका.

ज्यांची शेती फक्त रिटर्नमध्ये पिकते त्यांच्यामुळे खऱ्या शेतकऱ्याची सवलत बदनाम होते, हे मी जरा रागानेच लिहितोय.

12 लाखांच्या वर एक रुपया गेला तर 60 हजार टॅक्स लागतो?

नाही, मार्जिनल रिलीफ आहे. 12 लाख 10 हजार करपात्र असेल तर स्लॅबने 61,500 येतो, पण तुम्ही मर्यादेच्या वर 10 हजारच कमावलेत म्हणून टॅक्स 10 हजार, सेस धरून 10,400. साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंत हा आधार मिळतो. नोकरदारांना 75 हजारांची स्टँडर्ड डिडक्शन आधी जाते. आणि शेअरच्या भांडवली नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नावर नव्या रेजीममध्ये रिबेट चालत नाही, त्यावरून बऱ्याच जणांना डिमांड आल्यात.

कायदा संदिग्ध असेल तर फायदा कुणाला?

दोन उत्तरं आहेत. कर लावणाऱ्या तरतुदीत संशय असेल तर करदात्याला. सवलत देणाऱ्या तरतुदीत संशय असेल तर सरकारला. हे 2018 मध्ये पाच न्यायमूर्तींनी पक्कं केलं, दिलीप कुमार आणि कंपनीची केस, मुंबईच्या कस्टम्समधली, वाद काय तर व्हिटॅमिन ई-50 ची पावडर कोळंबीच्या खाद्याच्या सवलतीत बसते का. सवलत मागणाऱ्याने आपण तिच्यात बसतो हे स्वतः दाखवायचं.

वर्गवारीचे वाद असेच चालतात. खोबरेल तेलाची छोटी बाटली खायचं तेल की केसांचं, हा वाद वर्षानुवर्षं चालून डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने खायच्या बाजूने सोडवला, केसांचं म्हणून विकलं नसेल तर. आणि सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा केसांचं तेलही 5 टक्क्यांवर आलं, म्हणजे पुढच्यांसाठी वादच संपला.

नवा आयकर कायदा आला, मग हे सगळं बदललं का?

2025 चा कायदा 1 एप्रिल 2026 पासून. 536 कलमं, भाषा सोपी, परंतुकांची जंगलं कमी, आणि आधीचं वर्ष-आकारणी वर्ष हा गोंधळ जाऊन एकच कर वर्ष. तत्त्वं तीच आहेत, क्लबिंग आहे, गार आहे, शेती आहे. त्याआधीच्या वर्षांच्या केसेस जुन्याच कायद्याने चालणार, म्हणून पुढची दहा वर्षं तरी दोन्ही पुस्तकं टेबलावर लागतील.

एजंट म्हणतो जास्त रिफंड काढून देतो, दहा टक्के घेईन. करू का?

नका करू. तो खोटी देणगी, खोटं एज्युकेशन लोन टाकतो, रिफंड येतो, तो कमिशन घेऊन मोकळा, आणि रिटर्न तुमच्या पॅनवर. राजकीय पक्षांच्या देणग्यांच्या खोट्या वजावटींवरून जुलै 2025 मध्ये डिपार्टमेंटने देशभर सुमारे 150 ठिकाणी झडत्या घेतल्या. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर कलम 270ए खाली दंड टॅक्सच्या 200 टक्के. आधीच केलं असेल तर अपडेटेड रिटर्न भरता येतं, आता 48 महिन्यांपर्यंत, पण जादा टॅक्स 25 टक्क्यांपासून सुरू होऊन 70 टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणून जितकं लवकर तितकं स्वस्त.

नोटीस आली, काय करू?

आधी कुठल्या कलमाखाली आहे ते वाचा. 143(1) असेल तर ती बहुतेक वेळा कॉम्प्युटरने केलेली आकडेमोड असते, घाबरू नका. खरी आकारणी झाली आणि ऑर्डर विरुद्ध गेली तर 30 दिवसांत आयुक्तांकडे अपील, मग ट्रिब्युनल, मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट. ट्रिब्युनल महत्त्वाचं, कारण वस्तुस्थितीचा शेवटचा निकाल तिथेच लागतो, हायकोर्ट फक्त कायद्याचा भरीव प्रश्न ऐकतं. 25 जानेवारी 1941 ला सुरू झालेली ही संस्था, मुख्यालय मुंबईत महर्षी कर्वे रोडला, पुणे, नागपूर, पणजीलापण खंडपीठं आहेत. विद्यार्थ्यांनी एकदा तरी जाऊन बसावं, तिथे सीएपण युक्तिवाद करतात आणि कागदांचे गठ्ठे बघून टॅक्सचा कायदा म्हणजे खरं काय ते कळतं.

पगारातून प्रोफेशन टॅक्स दर महिन्याला 200 कापतात आणि फेब्रुवारीत 300, असं का?

घटनेच्या अनुच्छेद 276 मुळे. राज्याला व्यवसाय कर लावता येतो पण माणशी वर्षाला 2,500 च्या वर नाही, आधी ती मर्यादा 250 होती, 1988 च्या घटनादुरुस्तीने वाढवली आणि त्यानंतर हललेलीच नाही. महाराष्ट्राला पूर्ण 2,500 घ्यायचेत, 200 ने बारा महिन्यांचे 2,400 होतात, मग उरलेले 100 फेब्रुवारीत. हा कर महाराष्ट्राने 1975 मध्ये आणला तो रोजगार हमीला पैसा हवा म्हणून, शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचं आणि दुष्काळी गावात रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर मजुरी द्यायची. एप्रिल 2023 पासून महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. तुमच्या ऑफिसात अशा कुणाचा अजून कापला जात असेल तर पगारपत्रक घेऊन एचआरकडे जा.